कुडा ओळखणाऱ्या अक्का

"थांब. जीभ बोलू दे."

एवढं म्हणून अक्का उजव्या हाताचं एक बोट वर करायच्या आणि सगळं अंगण गप्प व्हायचं. हमाल पाठीवर पोतं घेऊन तसाच उभा राहायचा, माल घेऊन आलेला व्यापारी विडी विझवायचा, माझं पेन कागदावर टेकलेलं राहायचं. अक्कांनी सालीचा नखाएवढा तुकडा जिभेच्या कडेला ठेवलेला असायचा आणि डोळे मिटलेले. मग त्या तुकडा थुंकायच्या, तांब्यातल्या पाण्याने खळखळून चूळ भरायच्या आणि निकाल द्यायच्या. "कडू शे. उतार." किंवा, क्वचित, "हाई गोड शे. परत लई जा."

त्या निकालावर अपील नव्हतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जळगावात एका जुन्या वैद्यांचा औषधांचा छोटा कारखाना होता. मोठं अंगण, त्यात भरडायचं यंत्र, मागे काढे उकळायच्या भट्ट्या आणि पुढे रस्त्याला लागून फाटक. मालक स्वतः वैद्य. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. मी तिथे भांडार सांभाळायला लागले तेव्हा नुकतं शिक्षण संपलं होतं. माझं काम सोपं होतं: आलेला माल मोजायचा, लिहायचा, जागेवर ठेवायचा. मला हे काम आवडायचं, अजूनही आवडतं. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई तुमच्याही ओळखीत असेलच, ती मी. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी माझं नाव ठेवलं. मी फाटकाशी आले की त्या मोठ्याने म्हणायच्या, "यादीवाली उनी. आते मुंग्यासले बी रांगमा चालनं पडी."

अक्का दोंडाईच्याकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगी तिकडेच दिलेली. जळगावला एका नातेवाइकाच्या आधाराने आल्या, कारखान्यात हिरडे-बेहडे निवडायला लागल्या, आणि केव्हातरी आबांच्या लक्षात आलं की या बाईची जीभ वेगळी आहे. तेव्हापासून त्या फाटकाजवळ बसायच्या. खाली घडी केलेलं पोतं, बाजूला पाण्याचा तांब्या. साध्या नव्हत्या हं. चांगल्या तोऱ्यात असायच्या. मिश्री नाही, तंबाखू नाही, माल येणार असेल त्या दिवशी दुपारपर्यंत चहासुद्धा नाही. कुणी पेढा पुढे केला तर आपल्या जिभेला बाटवू नको म्हणून त्याला झापायच्या. आबांनासुद्धा एकदा म्हणाल्या होत्या, तुम्ही नाडी बघा, साल माझ्याकडे सोडा. आबा हसले होते, पण सोडली होती.

आता त्या जिभेची एवढी गरज का, ते सांगते. आमच्याकडे पोटाच्या विकारांवरचं मोठं औषध म्हणजे कुटजारिष्ट. ते कुड्याच्या सालीचं करतात. पण सातपुड्यात कुडे दोन. एक पांढरा कुडा. त्याची साल कडूजहर, औषध तीच. दुसरा काळा कुडा. दिसायला भाऊच, पण साल कडू नाही, आणि या औषधाला उपयोगाची नाही. झाडाला पान-फूल असलं तर ओळख पटते. आमच्याकडे यायची ती मात्र वाळलेली, वाकडीतिकडी, पोत्यात कोंबलेली साल. तिला ना पान ना फूल. मग उरते जीभ. बरं, कुणाचीही जीभ चालत नाही. पहिला तुकडा कडू लागला की पुढचा प्रत्येक कडूच लागतो. अक्कांचं तसं नव्हतं. त्या दिवसभर चाखायच्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या पोत्यातलाही गोड तुकडा बाजूला काढायच्या.

साल पुरवणारा यावलचा होता. जंगलाचा परवाना असलेला, गोलमटोल, सतत थट्टा करणारा माणूस. सगळे त्याला भाऊ म्हणत. पाड्यावरचे लोक साल काढायचे, हा गोळा करून ट्रकने आणायचा. अक्कांची परीक्षा घेण्याचा त्याला छंद होता. एकदा त्याने एका पोत्याच्या बरोबर पोटात काळ्या कुड्याची चार कांडकी घालून ठेवली. अक्कांनी वरून चाखलं, खालून चाखलं, मग कोपरापर्यंत हात घातला. कांडकं बाहेर काढलं, चाखलं, आणि ते भाऊच्या सदऱ्याच्या खिशात नीट खोचून ठेवलं. म्हणाल्या, "हाई तुना घर लई जा. बायकोले सांग, भाजीमा टाक." भाऊने हात जोडले. तुमच्या जिभेचा विमा उतरवा अक्का, म्हणाला. त्यावर अक्का दिवसभर खूष होत्या.

एका पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला. सिव्हिल हॉस्पिटलात होत्या, मग मुलीकडे. दिवाळीच्या सुमाराला परत आल्या त्या अर्ध्या होऊन. पण पोत्यावर बसल्या, बोट वर केलं, आणि आम्हाला बरं वाटलं. नव्या हंगामाची साल आली. "कडू शे. उतार." माल उतरला, मी लिहिला, कोठीत रचला.

तुम्ही कधी कुड्याची साल भरडताना जवळ उभे राहिलात का? यंत्र सुरू झालं की बारीक भुकटी उडते आणि अंगणभर पसरते. ती ओठांवर बसते. त्या दिवशी आमच्याकडे कुणाचाही चहा गोड लागत नसे. कितीही साखर घाला, पहिला घोट घेतला की तोंड वाकडं. शेजारच्या घरातल्या बायका भिंतीवरून ओरडायच्या, आज कुडा घेतलाय वाटतं. आमची ती वार्षिक थट्टाच होती.

त्या दिवशीही यंत्र सकाळपासून चाललं होतं. चारचा चहा आला. मी उभ्यानेच घोट घेतला आणि दुसऱ्या कामाकडे वळले. मग थांबले. चहा गोड होता.

मी ओठांवरून जीभ फिरवली. भुकटी होती, पण लाकडाच्या भुशासारखी. आजूबाजूला पाहिलं. भरडणारे दोघे गप्पा मारत चहा पीत होते, कुणाचं तोंड वाकडं नाही. फाटकाजवळ अक्कांनी बशीतून घोट घेतला, दरवर्षीप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या, बशी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चहा कडू व्हई गया बाई. पिवायत नही."

भरडणाऱ्यांपैकी एकाने माझ्याकडे पाहिलं. 

मी यंत्र बंद करायला सांगितलं. पोत्यातली साल काढून चावली. दातांखाली नुसता चोथा. दुसऱ्या पोत्यातली, तिसऱ्यातली, तसंच. मग मी फाटकाकडे गेले आणि अक्कांच्या शेजारी जमिनीवर बसले. यंत्राचा आवाज थांबला होता, म्हणजे त्यांना कळलं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या केळीच्या ट्रककडे बघत होत्या.

"कधीपासून, अक्का?"

"ताप उना तव्हयपासून."  मग म्हणाल्या, "गूळ खाऊ का माती खाऊ, एकच शे."

आपलं काम गेलं तर आपण कोण, हा प्रश्न मी तोवर कुणाच्या चेहऱ्यावर इतका उघडा पाहिला नव्हता. हिरडे निवडणाऱ्या बायका कारखान्यात पुष्कळ होत्या. जिने बोट वर केलं की ट्रक थांबतो अशी बाई एकच होती.

आबांना कसं सांगायचं, याचा मी विचार करत होते. अक्का उठल्या. पदर खोचला आणि थेट आबांच्या खोलीत गेल्या, तेही दार उघडं ठेवून. बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. "आबा, मनी जीभ गयी. मी खोटं बोलनू. माले आते फाटकपाशी बसाडू नका."

आबांनी त्यांना आधी बसायला सांगितलं. जीभ बाहेर काढून पाहिली, नाडी पाहिली, आल्याचा रस आणि मिरपुडीचं चाटण सुरू केलं. ते कित्येक आठवडे चाललं. त्याचा उपयोग झाला नाही. माल परत गेला. भाऊने कुरकुर केली, पण त्याच्याही पाड्यावर कुणी नवीन माणसाने काळ्या कुड्याचीच साल काढली होती, हे त्याने कबूल केलं. फाटकाजवळचं पोतं उचललं गेलं आणि अक्का मागच्या ओसरीवर हिरडे निवडायला बसू लागल्या. मला पाहून आता मुंग्यांची रांग आठवत नसे त्यांना. खाली मान घालून निवडत राहायच्या.

चाखायचं काम आबांनी मला देऊन पाहिलं. तिसऱ्या पोत्याला माझी जीभ बधिर झाली आणि मला फाटकाची कडीसुद्धा कडू लागायला लागली. आबा म्हणाले, हे काही खरं नाही. आपण वैशाखात, फुलोरा असताना, जंगलातच झाडं हेरून ठेवावी आणि पावसाळ्यानंतर भाऊच्या लोकांनी तेवढ्याच झाडांची साल काढावी. आबांचे गुडघे डोंगर चढण्याचे राहिले नव्हते. त्यांनी दोन्ही फुलांची खूण मला तोंडी सांगितली. पांढऱ्या कुड्याचं फूल साधं, पाच पाकळ्यांचं, भिरभिऱ्यासारखं. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यात बारीक तंतूंचा गोंडा असतो. दोन्ही पांढरीच. एका वेळी फुलतात, बऱ्याचदा शेजारीशेजारी.

ओसरीवर अक्का ऐकत होत्या. मी बाहेर आले तेव्हा म्हणाल्या, मी येते. मी म्हटलं, अक्का, ऊन फार असेल. तेव्हा त्या जे बोलल्या ते मी कधी विसरले नाही.

"मी ते झाड कधी दखेल नही."

मला आधी कळेचना. इतकी वर्षं या बाईने कुडा ओळखला होता. डोळे मिटून, दोन बोटांत तुकडा धरून. दोंडाईच्याच्या सपाटीवर कपाशीत वाढलेली बाई, तिथून जळगावच्या अंगणात. सातपुडा तिला उत्तरेकडची एक निळी रेघ एवढाच माहीत होता. कुड्याला फुलं येतात हेसुद्धा तिला त्या दिवशी कळलं होतं.

वैशाखात आम्ही गेलो. सकाळची एस.टी. घेऊन यावलला उतरलो. तापीनंतर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यातून गार वारा येत होता. यावलहून भाऊची जीप. केळी संपली, मग दगड सुरू झाले, मग उघडे सागवान. अक्कांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं होतं. भाऊ वाटेत थट्टा करत होता, पण त्या बोलत नव्हत्या. मला वाटलं, घाबरल्या असतील. आज आपल्याला हेही जमलं नाही तर, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं, कारण मध्येच त्यांनी मला ती गोंड्याची खूण पुन्हा सांगायला लावली.

पायवाटेने एक चढ चढून गेलो आणि वळलो.

मी सामानाची यादी, वेळांची यादी, सगळं करून गेले होते. त्या वळणासाठी माझ्याकडे काही नव्हतं. जंगल सगळं वाळलेलं. साग उघडे, गवत करपलेलं, दगड हात लावू देत नव्हते. आणि त्या करपलेल्या उतारावर, डोक्याएवढ्या, दोन माणसांएवढ्या उंच झुडपांवर पांढरे घोस, वरपासून खालच्या ओढ्यापर्यंत. पाण्याचा थेंब नव्हता कुठे. एवढी फुलं कुठून आली, कशाच्या जोरावर आली, काही कळत नव्हतं. हवेत मंद सुवास होता आणि मधमाश्यांचा एकसारखा आवाज. भाऊ, जो कधी गप्प बसला नव्हता, तोही टोपी काढून उभा राहिला. त्याचं म्हणणं, तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी इथे त्याचं बोलणं बंद होतं.

अक्कांनी माझा दंड सोडला होता. त्या दोन पावलं पुढे गेल्या.

"बठ्ठा डोंगर धवळा व्हई गया," त्या म्हणाल्या. अगदी हळू, जणू कुणाची झोप मोडेल.

मग त्या पहिल्या झुडपापाशी गेल्या आणि त्याच्या खोडावर तळवा ठेवला. सालीवर. बोटांना ती ओळखीची होती, एवढी वर्षं हाताळलेली; पण खाली लाकूड असलेली, जिवंत, उन्हाने तापलेली साल त्यांनी कधी धरली नव्हती. त्या तिच्यावरून हात वर नेत गेल्या, फांदीपर्यंत, पानापर्यंत, आणि घोसाशी थांबल्या. बाजूलाच गेल्या हंगामात साल काढलेली काही खोडं उभी होती, राखाडी, मेलेली. तिकडेही त्या गेल्या. एका बुंध्याच्या मुळातून नवी काठी फुटली होती, जेमतेम कमरेएवढी, आणि तिच्या टोकालाही एक घोस होता. अक्का तिथे खाली बसल्या. किती वेळ बसल्या ते मला सांगता येणार नाही. मी त्या दिवशी घड्याळ बघायला विसरले.

कामाचं बघायला हवं होतं. मी वरच्या अंगाच्या दोन झुडपांची एकेक डहाळी आणली. अक्कांनी प्रत्येकीचं एक फूल खुडलं, एक या तळव्यावर, एक त्या तळव्यावर ठेवलं. डोळे आता मिटले नव्हते. उलट इतके बारीक केले होते की कपाळ सगळं गोळा झालं होतं. भाऊ काही बोलायला गेला तर त्यांनी बोट वर केलं. भाऊ थांबला.

"हाऊ कडू," डावा तळवा पुढे करून त्या म्हणाल्या. मग उजवा. "याना पोटमा कुंचला शे. हाऊ गोड."

खात्री करायची कशी? भाऊने दोन्ही झुडपांच्या फांद्यांची साल काढून एकेक तुकडा तोंडात टाकला. आधी गोड सांगितलेली. चघळत मान हलवली. मग कडू सांगितलेली. त्याचा चेहरा असा काही झाला की डोळे बंद, नाक वर, गाल आत. तो थुंकत, पाणी मागत, स्वतःच्या आजोळाचा उद्धार करत वाटेवर नाचू लागला. आणि अक्का हसल्या. तापानंतर पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

त्यांनी जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून आणल्या होत्या. ते मला आधी माहीत नव्हतं. जे झुडूप कडू त्याला एक चिंधी, घट्ट गाठ. ऊन कलेपर्यंत त्या एका झुडपाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. घोस वाकवायच्या, फुलाच्या पोटात बघायच्या, आणि गाठ मारायच्या किंवा फांदी अलगद सोडून द्यायच्या. कोवळ्या काठ्यांना त्यांनी चिंधी बांधली नाही. भाऊने विचारलं तेव्हा सांगितलं, ही अजून लहान आहेत, यांना हात लावायचा नाही, आणि तुझ्या लोकांना सांग, खोडाची साल गोल सोलायची नाही, फांद्यांची काढायची. भाऊने ते पाळलं. सगळं पाळलं असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळ पाळलं.

त्या दिवाळीनंतर आलेली साल भरडली तेव्हा अंगणात सगळ्यांनी चहा टाकून दिला. शेजारच्या बायका भिंतीवरून ओरडल्या. अक्कांनी बशी उचलली, आमच्या वाकड्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि तो कडू चहा शेवटच्या थेंबापर्यंत आरामात पिऊन टाकला. फाटकाजवळचं पोतं परत अंथरलं गेलं होतं.

मग दर वैशाखात आम्ही जायचो. पुढेपुढे अक्कांना चढ जड जाऊ लागला. शेवटच्या खेपेला त्या खालीच, ओढ्याकाठच्या दगडावर पळसाच्या सावलीत बसल्या. मी आणि भाऊ वर जायचो, शंका आली की डहाळी घेऊन खाली यायचो. मी एकदा मोठ्या खात्रीने एक डहाळी आणली, चिंधी मागितली. त्यांनी फूल डोळ्यांशी नेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं शाळेतलं गणित आठवलं. "यादीवाली, तुना डोया कोठे शेतस? याले राहू दे." गोंडा होता. उन्हात मला दिसला नव्हता. चिंधी त्यांनी मुठीतच ठेवली.

त्या हिवाळ्यात मुलगी येऊन त्यांना दोंडाईच्याला घेऊन गेली, आणि होळीच्या आधी त्या गेल्याची बातमी आली. झोपेतच गेल्या, असं मुलीने कळवलं.

वैशाखात मी आणि भाऊ गेलो, कारण काम होतं. डोंगर तसाच पांढरा होता. आमच्याकडे नवीन कापडाच्या चिंध्या होत्या, मी मापाने कापून आणलेल्या. दुपारपर्यंत काम चांगलं चाललं. मग एका झुडपापाशी आमचं जमेना. मी म्हणत होते साधं फूल, भाऊ म्हणत होता मध्ये काहीतरी आहे. घोस जुना झाला होता, पाकळ्या मिटत आल्या होत्या. आम्ही वाद घालत होतो आणि बोलता बोलता भाऊने डहाळी मोडली, मी ती त्याच्या हातातून घेतली, आणि आम्ही दोघेही उतरायला वळलो.

खाली पळस दिसत होता. त्याची सावली दगडावर पडली होती. दगड रिकामा होता.

आम्ही तिथेच उभे राहिलो, डहाळी माझ्या हातात.  मग भाऊने चाकू काढला, फांदीची साल चिमूटभर सोलली आणि तोंडात टाकली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.